सबनिसाची गुपचूप नोकरी

नाही, पण मी म्हणतो, माणसानं दुसरी नोकरी शोधायची म्हणजे काय दरोडा घालायचाय का हो? पेपरात जाहिरात बघायची, अर्ज करायचा, बोलावलं तर जायचं, घेतलं तर घेतलं, नाही तर आपली जुनी आहेच... संपलं! पण आमच्या मार्तंड सबनिसानं ही एवढीशी गोष्ट अशी काही गुप्त ठेवली, अशी काही गुप्त ठेवली, की शेवटी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एक माणूस उरला नाही ज्याला त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं... आणि जे माहीत होतं ते सगळं चुकीचं!

तुम्हाला सांगतो, मार्तंड माझा मुलुंडच्या चाळीतला शेजारी. भिंतीला भिंत. त्याच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. माणूस बी.एस्सी., तोही केमिस्ट्री घेऊन, चांगल्या वर्गात पास झालेला, आणि काम काय? तर घाटकोपरला बिस्किटांच्या कारखान्यात स्टोअरकीपर! मैद्याची पोती मोजा, साखरेची पोती मोजा, वनस्पती तुपाचे डबे मोजा आणि उंदरांनी काय नेलं त्याचा अंदाज करा. ह्यात केमिस्ट्री कुठं आली? आली, नाही असं नाही... व्हॅनिलाचा अर्क त्याच्या ताब्यात असायचा. त्यामुळे मार्तंडला कायमचा व्हॅनिलाचा वास. आंघोळ करा, उटणं लावा, जायचं नाव नाही. पद्मजावहिनी म्हणायच्या, "लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, माणूस गोड आहे. नंतर कळलं, नुसता वास आहे."

आता तुम्ही म्हणाल, मग सोडायची ना नोकरी, शोधायची दुसरी, कुणी अडवलंय? शेठनं अडवलं होतं! म्हणजे तसं नाही हो... शेठ वाईट असता तर प्रश्नच नव्हता. वाईट शेठकडून निघायला कितीसा वेळ लागतो? पण हे नंदकिशोर शेठ म्हणजे देवमाणूस, आणि देवमाणसाच्या तावडीतून सुटणं फार कठीण. कारखान्यात कुणी नोकर नाहीच, सगळे घरचे! "सबनीस, तू तर घरचा माणूस!" बारशाला शेठ हजर, बाराव्याला शेठ हजर, दिवाळीला प्रत्येकाच्या घरी बिस्किटांच्या चुऱ्याचं पुडकं. आणि घरचा माणूस दुसरीकडे नोकरी शोधतोय असं कानावर आलं की शेठ रागावत नसत, ओरडत नसत, चक्क सत्कार करत! दशरथ म्हणून एक टायपिस्ट होता. त्यानं कुठंतरी अर्ज केला, एवढंच, अजून बोलावणंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी शेठनं सगळ्यांना जमवलं, दशरथच्या गळ्यात हार, हातात नारळ, खांद्यावर शाल, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "जा बेटा. तुझं मन आता इथं नाही. सुखी रहा." झालं! शाल पांघरून दशरथ घरी. अर्ज केला होता तिथून नकार आला, आणि बिचारा अजून जोगेश्वरीला दारोदार उदबत्त्या विकतोय.

त्यामुळे मार्तंडनं तुर्भ्याच्या नोकरीची जाहिरात वाचली ना, तेव्हा पहिल्यांदा खिडकी लावून घेतली. अणूचं ते नवं सरकारी काम तुर्भ्याकडे उभं राहत होतं, त्यांना प्रयोगशाळेत माणसं हवी होती, केमिस्ट्रीवाली. मार्तंडनं मला घरात ओढलं आणि म्हणाला, "अनंतराव, आयुष्यात एकदा तरी मला खऱ्या प्रयोगशाळेत उभं राहायचंय. पण हे आपलं आपल्यात हं!" डोळ्यांत असं काही होतं त्याच्या, की मी थट्टा करणार होतो ती गिळली. वहिनींना दिवस गेलेले, घरात मिळवणारा हा एकटा. नवी मिळायच्या आत जुनी गेली तर खायचं काय? हार आणि नारळ?

म्हटलं, नाही बोलणार कुणाला. नाही बोललो! वहिनीही नाही बोलल्या... फक्त दहिसरला त्यांच्या बहिणीला, सुहासिनीला, बोलल्या, कारण ती काय परकी आहे का? पण तिलाही बजावलं, आपलं आपल्यात हं!

मग ह्या गृहस्थानं अभ्यास सुरू केला. कॉलेज सोडून इतकी वर्षं झालेली, डोक्यात नुसता मैदा. माळ्यावरून जुनी काचेची चंबू-नळकांडी काढली, स्टोव्ह पेटवला, आणि कामावरून आला की दार लावून काहीतरी उकळत बसायचा. एका चंबूतून वाफ निघतेय, वाकड्या नळीतून जातेय, दुसऱ्या चंबूत थेंब थेंब पडतंय... आणि दाराच्या फटीतून बाहेर असा काही वास, की मांजरं जिना सोडून पळाली. आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत सुगंधाबाई राहायच्या, त्याच कारखान्यात पॅकिंगला. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "अनंतराव, सबनीस आत काय शिजवतायत हो?"

आता काय सांगू? अभ्यास म्हणून सांगितलं तर कसला अभ्यास, कसली परीक्षा, कुठली नोकरी, आणि दुसऱ्या दिवशी शेठच्या टेबलावर हार तयार! मी म्हटलं, "काढा असेल." सुगंधाबाई "हं..." म्हणाल्या. तुम्हाला सांगतो, बायकांच्या त्या 'हं'मध्ये जेवढं असतं ना, तेवढं कोर्टाच्या निकालातसुद्धा नसतं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. दुपारी, चेंबूरच्या पुढं. म्हणजे रजा हवी. मार्तंडनं कधी रजा घेतलेली नाही, त्यामुळे खोटं बोलायचा सराव नाही. शेठसमोर उभा राहिला आणि आयत्या वेळी तोंडातून निघालं, "शेठ, दात काढायचाय."

"कुठला?"

मार्तंडनं आपलं बोट कुठंतरी एका दाढेवर ठेवलं.

शेठ खुर्चीतून उठलेच. "अरे भाई, घरचा माणूस, आणि दात बाहेरच्या डॉक्टरकडे काढणार? माझा भाचा चंद्रप्रकाश दाताचा डॉक्टर झाला, आताच दवाखाना खोलला! चल, मी येतो संगती!"

काय करणार? गाडीत घातला, दवाखान्यात नेला, खुर्चीत बसवला, आणि शेठ स्वतः बाजूला स्टूल घेऊन बसले, मार्तंडचा हात हातात घेऊन! भाचा नुकताच पास झालेला, पेशंट बघून त्यालाच घाम फुटलेला. त्यानं दाढ ठोकून पाहिली. म्हणाला, "मामा, ही तर चांगली दिसते."

शेठ उखडले. "दिसते चांगली! सबनीस खोटं बोलतो काय? घरचा माणूस आहे! विचार त्याला, दुखते का!"

आता बघा पंचाईत. दुखत नाही म्हणावं तर दात खोटा, दात खोटा तर रजा खोटी, रजा खोटी तर... दशरथ! मार्तंडनं डोळे मिटले, पद्मजावहिनींचा चेहरा आठवला, आणि म्हणाला, "दुखते."

काढली! धडधाकट दाढ हो! त्या चंद्रप्रकाशचा हात बसलेला नाही, दाढ म्हणतेय मी का येऊ, मला काय झालंय... अर्धा तास झटापट! शेवटी आली. शेठनं ती हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "जो, बघ, आतून कशी सडलीय!" कुठं सडलीय? मोत्यासारखी! पण माणसानं एकदा प्रेम करायचं ठरवलं की त्याला काहीही दिसतं. "जा सबनीस, घरी जाऊन झोप. आज कामावर यायचं नाही." रजा मिळाली!

आणि असा हा गृहस्थ, गाल पुरीसारखा फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, रुमालावर रक्त, बस बदलत बदलत मुलाखतीला. समोर मोठमोठे साहेब. एकानं आत आल्या आल्या नाकानं हुंगलं आणि दुसऱ्याला विचारलं, "चहाबरोबर केक सांगितलाय का तुम्ही?" मार्तंडनं मान खाली घालून सांगितलं, "फर, तो फॅनिलाचा वाफ माझा आहे." व्हॅनिलाचा म्हणायचं होतं, पण बोळ्यामुळं 'फॅनिला'. मग त्यांनी त्या फॅनिलावरच विचारलं, तो कसा तयार होतो, कसा शुद्ध करतात... ह्यानं बोळा ह्या गालातून त्या गालात सरकवत सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "एवढं दुखत असताना आलात? पुढची तारीख मागायची होती." हा म्हणाला, "फर, पुन्हा रजा मागितली अफती, तर फगळे दात गेले अफते." साहेब लोक खो खो हसले, आणि हा घरी येऊन रडला. त्याला वाटलं, गेली नोकरी, गेली दाढ. वहिनींनी मऊ भात भरवला. मला म्हणाल्या, "भावोजी, चाळीत दाढेचं सांगा, बाकीचं आपलं आपल्यात हं."

पण निवड झाली होती!

आता खरी गंमत ऐका. तिथलं काम गुप्त. त्यामुळे माणूस घ्यायच्या आधी पोलिसांकडून त्याची चौकशी. तीही गुप्त! एके दिवशी चाळीत एक साध्या कपड्यातला माणूस आला. साधे कपडे, पण पायात पोलिसी बूट, आणि चाल अशी की डावा-उजवा ऐकू यावा. जयवंत त्याचं नाव, मालवणकडचा. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, आणि हळूच म्हणाला, "मी गुपचूप चौकशी करतंय हां. कोणाक कळाक नको. हो सबनीस माणूस कसो? दारूबिरू घेता? रात्रीचे कोण येतत-जातत?"

आणि हे विचारलं कुणाला? सुगंधाबाईंना!

दारूबंदीचे दिवस, मंडळी! साध्या कपड्यातला पोलीस दारात येऊन दारूचं विचारतो, वर सबनिसाच्या खोलीत चंबू, नळी, स्टोव्ह, वाफ, थेंब... दोन आणि दोन किती? सुगंधाबाईंनी बरोब्बर बावीस केले! संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं की सबनीस हातभट्टी गाळतो. आणि तुम्हाला सांगतो, कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही! उलट मान वाढला. "सबनीससाहेब, नमस्कार!" आजवर त्याला कुणी साहेब म्हटलं होतं? बी.एस्सी.ला जे जमलं नाही ते हातभट्टीनं केलं.

मी मार्तंडला म्हटलं, "अरे, सांगून टाक ना खरं काय ते! चार लोकांत भट्टीवाला म्हणून नाव होतंय!" मार्तंडनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "अनंतराव, भट्टीचं शेठच्या कानावर गेलं तर शेठ रागावतील. नोकरीचं गेलं तर हार घालतील. मला राग चालेल." वहिनी आतून म्हणाल्या, "आणि मला? भट्टीवाल्याची बायको म्हणून डोहाळजेवण करायचं मी?" पण नेमणुकीची ऑर्डर हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्या नवराबायकोत ठरलं. आपलं आपल्यात!

मग मार्तंडनं त्या जयवंतला वाटेत गाठला. हात जोडले. "हवालदारसाहेब, माझ्या शेठकडे जाऊ नका हो. त्यांना माहीत नाहीये."

जयवंत म्हणाला, "जावक तर होया. नियम आसा. पण तू कायएक घाबरू नको. मी चौकशी कित्याक करतंय ता सांगूचंय नाय. गुप्त म्हणजे गुप्त!"

मार्तंड कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, तुम्ही सांगत नाही हाच तर घोळ आहे!"

गेला जयवंत कारखान्यात. तोवर सुगंधाबाईंनी शेठला सगळं सांगितलेलं, अगदी नळीच्या वाकासकट. शेठच्या केबिनमध्ये जयवंत बसला, दार लागलं. बाहेर स्टोअरच्या दारात मार्तंड उभा, हातात तुपाचा डबा, घामानं निसटतोय. आत काय चाललंय कळेना. पद्मजावहिनींना काय सांगायचं, सासऱ्यांना काय सांगायचं, उदबत्त्यांचं गिऱ्हाईक चेंबूरला जास्त की कुर्ल्याला... हा माणूस उभ्या उभ्या संसार मोडून पुन्हा मांडत होता.

आणि आत शेठ काय करत होते? शेठ मार्तंडला वाचवत होते! त्यांना वाटलं, हा पकडायला आलाय. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "सबनीस? दारू? अरे साहेब, तो चहासुद्धा अर्धा कप पितो! सकाळी येतो, रात्री जातो, वेळ कुठला त्याला? माझ्या तिजोरीची चावी मागितली तर देईन त्याला! पाहिजे तर मी जामीन राहतो, माझा कारखाना जामीन!" जयवंतनं असलं सर्टिफिकेट जन्मात ऐकलं नव्हतं. खूश होऊन बिस्किटं खाऊन गेला. वर कळवलं, असा सज्जन माणूस मुंबईत दुसरा नाही.

मग शेठनं मार्तंडला आत बोलावलं, दार लावलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "सबनीस, पोलीस आला होता. परत पाठवला. कुणाला बोलणार नाही, आपलं आपल्यात. पण पोरा, सोड तो धंदा. तुझी वहू पोटुशी आहे." आणि श्रीनाथजीच्या तसबिरीवर हात ठेवायला लावला. काय करतो बिचारा? जी भट्टी त्यानं कधी लावली नाही ती सोडल्याची शपथ घेतली! शेठनं त्याला पोटाशी धरलं. पगार वाढवला. म्हणाले, "पैशाची ओढ होती तर मला सांगायचं ना."

त्या संध्याकाळी मार्तंड माझ्याकडे येऊन बसला. मग म्हणाला, "वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं हो."

पुढच्या आठवड्यात तुर्भ्याची ऑर्डर आली. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. मी म्हटलं, सुटलास! पण तो रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर, मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. सकाळी सरळ शेठकडे गेला आणि सगळं सांगितलं. जाहिरात, अभ्यास, चंबू, दाढ, मुलाखत, जयवंत... काही म्हणता काही मागं ठेवलं नाही. "शेठ, भट्टी नव्हतीच. मी नोकरी शोधत होतो."

शेठनं समोरची हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "सबनीस, तू दारू गाळतो असं ऐकलं, तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. दारूचं मी समजतो, माणूस पोटासाठी करतो. पण दुसरी नोकरी?... मला न सांगता?... दाढ काढेपर्यंत मी तुझा हात धरला होता रे."

मार्तंडनंही मग मनातलं बोलून टाकलं. म्हणाला, "शेठ, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हार घातला असता." शेठना ते लागलं. खिडकीशी गेले, खाली पॅकिंगच्या बायका बसल्या होत्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग वळले आणि म्हणाले, "माझी एक विनंती आहे. तू जा. खुशीनं जा. पण ह्या लोकांना नोकरीचं सांगू नको. घरचा माणूस दुसरी नोकरी शोधून जातो असं कळलं तर उद्या सगळे शोधायला लागतील. मी त्यांना सांगतो, सबनीस भट्टीसाठी गेला. त्यांना ते पटलेलंच आहे."

आता कुठला शहाणा माणूस ह्याला हो म्हणेल? पण मार्तंड हो म्हणाला. ज्या माणसानं आपल्यासाठी कारखाना जामीन ठेवला, त्याला नाही कसं म्हणायचं? वहिनींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. पोर मोठं झाल्यावर त्याला तेवढं खरं सांगू." आणि डोहाळजेवण दहिसरला बहिणीकडे केलं.

चाळीत मी प्रयत्न केला, नाही असं नाही. शेठना काही मी वचन दिलं नव्हतं ना! सुगंधाबाईंना म्हटलं, "अहो, तो तुर्भ्याला सरकारी प्रयोगशाळेत जातो."

"काय करतात तिथं?"

"रसायनांचं काम. उकळायचं, गाळायचं... बाकी त्याला सांगायची परवानगी नाही."

सुगंधाबाई हसल्या. "तिकडं खाडीच आहे ना? भट्टी लपवायला झुडपंबिडपं? बरोब्बर!"

संपलं! सकाळी गाडी घ्यायला येते, संध्याकाळी सोडते, विचारलं तर "सांगता येत नाही" म्हणतो... भट्टीवाला दुसरं काय सांगेल? मीही नाद सोडला.

मार्तंड सुखात आहे. पांढरा कोट घालून खऱ्या प्रयोगशाळेत उभा राहतो, व्हॅनिलाचा वास गेला, मुलगी झाली. पण रविवारी त्याच्या दारात येऊन बघा! कारखान्यातली माणसं एकेक करून येतात. पॅकिंगवाले, भट्टीवाले... म्हणजे बिस्किटांच्या भट्टीवाले... आणि काल तर सुगंधाबाईंचा जावई! आजूबाजूला बघतात, आत शिरतात, आवाज खाली करून म्हणतात, "सबनीससाहेब, शेठना पत्ता लागू देऊ नका, पण तुमच्याकडे धंद्यात एखादी जागा आहे का हो?" आधी मार्तंड समजावून सांगायचा, चिडायचा, शपथा घ्यायचा. आता नाही. आता पद्मजावहिनी चहा टाकतात, आणि मार्तंड मुलीला मांडीवर घेऊन, एकही शब्द न वाढवता, सरकारी नोकराच्या शांतपणानं म्हणतो, "सध्या भरती बंद आहे. जागा निघाली की कळवू."